‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी’

गेली 19 वर्षं मी दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या (जिथे घर-जमिनीच्या दस्तांची नोंदणी होते) एका गाळ्यात दस्त टाईप करते. वकील नाही, मुद्रांक विक्रेतीही नाही. लोक आधार, पॅन, लाईटबिल आणि जुना इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) घेऊन येतात. मी दस्त तयार करते, ऑनलाईन माहिती भरते, टोकन घेऊन देते. साक्षीदार कमी पडला तर शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारते (हे करू नये, मला माहीत आहे).

बक्षीसपत्राचा नमुना माझ्याकडे पहिल्या वर्षापासून एकच आहे. कुणाकडून आला तेही आठवत नाही. त्यात एक वाक्य आहे (‘लिहून देणार’ म्हणजे मिळकत देणारा, ‘लिहून घेणार’ म्हणजे घेणारा): ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांचे चिरंजीव असून त्यांच्याविषयी वाटणाऱ्या नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी लिहून देणार यांनी सदर मिळकत कोणताही मोबदला न घेता व विनाअट बक्षीस दिली आहे.’

यातलं ‘विनाअट’ मी शेकडो वेळा टाईप केलं. वाचलं मात्र कधीच नव्हतं. ते पहिल्यांदा कानावर पडलं गेल्या महिन्यात, प्रांत कार्यालयात, जेव्हा एका मुलाने आपल्या आईच्या अर्जावर उत्तर म्हणून माझाच दस्त मोठ्याने वाचून दाखवला.

त्या मावशी आमच्याच गल्लीतल्या. वय 74. काका गेले तेव्हा वन बीएचके त्यांच्या नावावर झाला. मुलगा एक, मुलगी एक. चार वर्षांपूर्वी मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आला. ‘बहिणीचा उल्लेख कुठे नको, साधं सुटसुटीत करा,’ म्हणाला. मावशी खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, ‘मावशी, वाचून दाखवू का?’ तर म्हणाल्या, ‘अगं, तू केलंयस ना, मग बरोबरच असेल.’ आत साहेबांनी नेहमीचं विचारलं, सही तुमचीच का, दस्त कबूल का. मावशींनी मान हलवली, अंगठा दिला, फोटो काढला. पंधरा मिनिटांत काम झालं. बाहेर आल्यावर मुलाने सगळ्यांना उसाचा रस पाजला. मीही प्यायले.

गेल्या वर्षी मावशी गुडघ्याचं ऑपरेशन करून तीन महिने मुलीकडे राहिल्या. परत आल्या तर दाराचं कुलूप बदललेलं. सामान दोन गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवलेलं. मुलगा फोनवर म्हणाला, ‘आता ताईकडेच राहा, इथे जागा कुठेय.’ गॅसच्या पुस्तकावर अजून मावशींचंच नाव आहे. बाकी कशावरच नाही.

आता कायद्याचं, कारण मावशींसाठी धावाधाव करताना मला जे कळलं ते मला 19 वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007. साठ पूर्ण झालेला कुणीही ज्येष्ठ नागरिक यात येतो, आणि आई-वडील असतील तर साठीची अटही नाही. अर्ज प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला अधिकार देऊन करता येतो, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. चरितार्थाच्या, म्हणजे पोटगीच्या, अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत, फार तर आणखी 30 दिवसांत लागायला हवा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात प्रांतांच्या टेबलावर भूसंपादन असतं, निवडणूक असते, पूर आला की पंचनामे असतात, आणि या सगळ्याच्या खाली म्हातारीचा अर्ज असतो. पोटगी महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. ही मर्यादा काढण्यासाठी डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात जावई-सुनेलाही ‘मुलं’ या व्याख्येत घेतलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. ज्येष्ठांना टाकून देणं हा कलम 24 प्रमाणे गुन्हा आहे, पण शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! फ्लॅटच्या किमतीपुढे हा दंड म्हणजे पार्किंगची पावती.

खरा दम आहे तो कलम 23 मध्ये. ज्येष्ठ नागरिकाने बक्षीस म्हणून किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळकत दिली, घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत गरजा भागवायच्या या अटीवर दिली, आणि पुढे घेणाऱ्याने हात वर केले, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असं कायदा मानतो आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण तो रद्द ठरवू शकतं. वर्षानुवर्षांचा दिवाणी दावा नाही, कोर्ट फी नाही. वकिलाशिवाय काम व्हावं हाच मूळ हेतू.

पण त्या कलमातले तीन शब्द पुन्हा वाचा. ‘या अटीवर दिली.’

सर्वोच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2022 च्या निकालात हेच सांगितलं. एका आईने मुलींच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं, पुढे बिनसलं. न्यायालय म्हणालं, देणारा ज्येष्ठ आहे आणि नंतर हाल झाले एवढ्याने कलम 23 लागू होत नाही. सांभाळण्याची अट होती हे मांडावं लागेल आणि सिद्ध करावं लागेल. मग 2 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ सढळ हाताने लावा, असंही म्हटलं. त्या निकालानंतर व्हॉट्सॲपवर ‘आता मुलांनी सांभाळलं नाही तर मिळकत आपोआप परत’ असे मेसेज फिरले. आपोआप काही नाही. त्या बाईंकडे त्याच दिवशी मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं, की मी आईला शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर बक्षीसपत्र परत घेण्याचा तिला अधिकार. त्या एका कागदाने त्यांना तारलं.

मावशींकडे असा कागद नाही. मावशींकडे माझा कागद आहे, त्यात ‘विनाअट’ आहे.

म्हणून हे लिहितेय. लोक म्हणतात, कायदा कडक करा, मुलांना आत टाका. मला ते पटत नाही. प्रांतांनी मावशींना विचारलं, तुमचं म्हणणं काय? त्या म्हणाल्या, ‘त्याला बाहेर काढू नका साहेब, त्याला लहान पोरगी आहे. मला फक्त आत घ्या.’ कुठल्या आईला मुलगा तुरुंगात हवा असतो? शिक्षा वाढवली तर अर्ज उलट कमी होतील, कारण अर्ज करणारी आईच असते. तिला हवं असतं ते छप्पर, औषधं, दोन वेळचं गरम जेवण, आणि हे माझं घर आहे असं म्हणता येणं. त्यासाठी संरक्षण निकालाच्या दिवशी नाही, सहीच्या दिवशी लागतं.

आणि सहीच्या दिवशी तिथे कोण असतं? मी. आत साहेब. दोन साक्षीदार. आणि तो मुलगा. तिच्या बाजूने बोलणारं कुणीच नसतं.

आपल्या राज्यात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे (स्थानिक अधिभार वगैरे वेगळं). सवलत चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्यामुळे झालंय असं, की मृत्युपत्राने जे निवांत झालं असतं ते लोक बक्षीसपत्राने घाईत उरकतात. ‘नंतर भानगड नको, आत्ताच नावावर करून टाक.’ मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, नोंदणीही सक्तीची नाही, आणि जिवंत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. पहिल्या दिवसापासून मालकी जाते ती बक्षीसपत्राने. दोन्हीतला हा फरक समोरच्या म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी पाच मिनिटं बसून सांगतं का? मी सांगत नव्हते. मला बक्षीसपत्राचे पैसे जास्त मिळतात, हेही इथेच लिहून टाकते.

माझं मत असं, की नियम उलटा हवा. साठीच्या पुढच्या माणसाने मुलाला किंवा नातेवाईकाला राहतं घर बक्षीस दिलं तर सांभाळण्याची अट त्यात आहे असंच कायद्याने धरावं. नको असेल तर देणाऱ्याने ‘मला अट नको’ असं वेगळं लिहून द्यावं, आणि तेही दुय्यम निबंधकाने मुलाला बाहेर बसवून, त्याला किंवा तिला एकट्याला विचारल्यावर. आज सिद्ध करायचं ओझं 74 वर्षांच्या बाईवर आहे, जिने दस्त वाचलेला नाही.

यावर मुलांचं ठरलेलं उत्तर मला तोंडपाठ आहे. ‘ताई, अट टाकली तर बँक लोन देत नाही.’ अर्धं खरं आहे. बँकेला निर्वेध, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हक्क नसलेली, मिळकत हवी असते. पण मग सरळ विचारते, आईच्या राहत्या घरावर लोन काढायचंय हे आईला सांगितलंय का? घर विकत घेणाऱ्याची अडचण मात्र मला मान्य आहे. त्याने बिचाऱ्याने चांगल्या भावनेने पैसे मोजले आणि नंतर मूळ बक्षीसपत्रच रद्द झालं तर त्याने कुठे जायचं? त्यासाठी अट इंडेक्स टू वर ठळक दिसायला हवी. दिसली की घेणारा आपोआप सावध होतो.

दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर कमेंटमध्ये ऐकवालच. या कायद्याचा भावाभावांच्या भांडणात हत्यार म्हणून वापर होतो. धाकटा आई-वडिलांना पुढे करून थोरल्याला घराबाहेर काढायला बघतो, अर्जातली भाषा वाचली की कळतं कुणी लिहून घेतलीय ते. सुनेचं तर फारच वाईट. नवरा-बायकोचं फाटलं की सासू-सासऱ्यांच्या नावाने अर्ज टाकून सुनेला काढायचं, हा धंदा झाला होता. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या 2005 च्या कायद्याने सुनेला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क दिलाय तो या झटपट कारवाईने मोडता येणार नाही. बरोबर केलं. म्हणूनच मी म्हणते, सगळं भांडण प्रांतांच्या दारात जाण्याआधीच कागद नीट करा.

घराइतकंच बँकेचं. आपल्या बचत खात्यावर मुलाचं नाव लावताना बँकेतली मुलगी विचारते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर करू ना?’ आणि आपण हो म्हणतो. त्यात दोघांपैकी कुणीही एकटा पैसे काढू शकतो. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हटलं तर पहिलं नाव असलेला माणूस हयात असेपर्यंत फक्त तोच काढू शकतो, नंतर दुसऱ्याला मिळतात. फॉर्मवर एका खुणेचा फरक. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) दिलं असेल आणि विश्वास उडाला असेल तर रद्द करता येतं, फक्त नोंदणी केलेलं असेल तर रद्दही नोंदणी करून करा आणि बँकेला, सोसायटीला लेखी कळवा. एटीएमचा पिन मुलाला दिलाच असेल तर निदान मेसेज स्वतःच्या मोबाईलवर येऊ द्या. आणि काहीच सुचत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे. मावशींच्या मुलीला अर्ज करायचा कुठे हे तिथूनच कळलं, माझ्याकडून नाही.

मी नमुना बदललाय. ‘विनाअट’ काढलं. त्या जागी आता असं आहे: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा त्यांच्या हयातीत सांभाळ करावयाचा असून अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार या गरजा भागवावयाच्या आहेत, तसेच लिहून देणार यांना सदर मिळकतीत तहहयात राहण्याचा हक्क आहे. या अटीवर सदर मिळकत बक्षीस दिली असून अटीचा भंग झाल्यास हे बक्षीसपत्र अधिनियम 2007 च्या कलम 23 प्रमाणे रद्द करून घेण्याचा लिहून देणार यांना अधिकार राहील.’ दस्त करणार असाल तर आपल्या वकिलाला दाखवून घ्या, तो अजून नीट करून देईल. कॉपी करा, शेअर करा, माझं नाव नको.

गेल्या तीन आठवड्यांत सहा बक्षीसपत्रं आली. चौघांनी वाचून ‘ठीक आहे’ म्हटलं. एक मुलगा ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो आलाच नाही, समोरच्या गाळ्यात गेला असणार, तिथे जुना नमुना अजून आहे. सहाव्याच्या वडिलांनी चष्मा लावून तो परिच्छेद दोनदा वाचला, मुलाकडे बघितलं, आणि मला म्हणाले, ‘मृत्युपत्राचे किती घेता?’

मावशी अजून मुलीकडेच आहेत. पुढची तारीख 14 ला आहे. प्रांतांनी सांगितलं तर मी लेखी द्यायला तयार आहे, की दस्त मी टाईप केला होता आणि त्यांना वाचून दाखवला नव्हता.