कुत्र्याचा केस गर्भाशयापर्यंत पोहोचतच नाही

मंगळवारी रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, जागी आहेस ना? एक मेसेज पाठवलाय. वाच आणि खरं काय ते सांग." आवाज रडवेला होता. तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली. येत्या वर्ष-दोन वर्षांत मूल व्हावं असं दोघांच्या मनात आहे आणि त्याआधी कुत्रा आणायचा, असं महिनाभर चाललं होतं. पिल्लू बघून झालं होतं, नावही ठरलं होतं. तेवढ्यात घरच्यांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड येऊन पडला : 'मूल होण्याआधी कुत्रा पाळणाऱ्या जोडप्यांना डॉक्टरांचा इशारा'. कोणते डॉक्टर, कुठले, याचा पत्ता नाही.

आठवड्याभरात तोच मेसेज मला आणखी तिघींकडून आला. तिघींनीही काळजीपोटीच पाठवला, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मजकूर वाचून डोक्यात तिडीक गेली, म्हणून लिहायला बसले. त्यात सात मुद्दे आहेत. कुत्र्याचे केस श्वासातून आणि अन्नातून पोटात जातात, गर्भाशयात साठून त्यांचा गोळा होतो आणि गर्भ राहत नाही. कुत्र्यामुळे 'टॉक्सो' नावाचा संसर्ग होऊन गर्भपात होतो. गरोदरपणी कुत्रा चावला तर रेबीजची लस घेता येत नाही, घेतली तर बाळ दगावतं. कुत्रा असलेल्या घरातल्या बाळाला दमा होतोच. कुत्रा बाळाचा मत्सर करतो. कुत्र्याला जीव लावलेल्या जोडप्याची मुलाची ओढ संपते. आणि शेवटी, घरात आधीच कुत्रा असेल तर दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्याच्या आत त्याला लांब नेऊन सोडा.

क्रम मोडून आधी तिसरा मुद्दा घेते. बाकीचे मुद्दे वाचून माणूस घाबरेल, या मुद्द्यावर विश्वास ठेवला तर मरेल.

रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की रोगी वाचत नाही, अपवाद अगदी मोजके. आणि चावा झाल्यावर वेळेत, पूर्ण उपचार घेतले तर हा रोग जवळजवळ हमखास टाळता येतो. मधे उभी असते ती फक्त लस. आजची लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची असते, म्हणजे त्यात जिवंत विषाणू नसतो. गरोदर बाई असो, अंगावर पाजणारी आई असो किंवा तान्हं बाळ, चाव्यानंतर लस नाकारावी असं कुठलंही कारण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट म्हणणं आहे. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) सुद्धा गरोदरपणात देतात. पूर्वी प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतींपासून केलेली लस पोटावर टोचत असत, तिचा त्रासही होई. ती भीती आज्यांकडून आयांकडे आणि आयांकडून आपल्याकडे आली असणार. आता लस दंडात देतात. चावा झाला, ओरखडा निघाला, तर आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सातवा महिना असला तरी. सातवा महिना असेल तर दोन जीव पणाला असतात, म्हणून जास्तच घाईने. हा एक मुद्दा खरा मानून एखादी बाई घरी बसली तर तिला पुन्हा संधी नाही. मेसेज लिहिणाऱ्याने याचा क्षणभर तरी विचार करायला हवा होता.

आता केसांचा गोळा. बहीण सगळ्यात जास्त याच मुद्द्याला घाबरली होती.

गिळलेला केस अन्ननलिकेतून जठरात जातो, तिथून आतड्यात आणि शौचावाटे बाहेर. केस पचत नाही आणि जाता जाता आतड्याची भिंत फोडून शेजारच्या अवयवात शिरतही नाही. गर्भाशय हा वेगळा, जाड स्नायूंचा अवयव आहे. त्याचा अन्नमार्गाशी काही संबंध नाही आणि श्वासनलिकेशी तर नाहीच. आपण बोलताना 'पोट' म्हणतो त्यात जठरही येतं आणि गर्भाशयही येतं. 'बाळ पोटात आहे' आणि 'जेवण पोटात गेलं' ही दोन पोटं वेगळी आहेत, एवढीच गोष्ट या मुद्द्याने पुसून टाकली आहे. स्वतःचेच केस खाण्याची सवय असलेल्या माणसांत केसांचा गोळा खरंच होतो, पण तो जठरात. गर्भाशयात नव्हे.

मग ही भीती आली कुठून? माझा एक अंदाज आहे. बायकांच्या अंडाशयात 'डर्मॉइड' नावाची एक गाठ होते. ती उघडली की आत चरबी असते, केसांचा पुंजका असतो, कधी कधी चक्क दातही असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसेलच. पण ते केस त्या बाईचे स्वतःचे असतात, तिच्याच बीजपेशींपासून तिथेच वाढलेले. जन्मात कुत्र्याला हात न लावलेल्या बाईलाही ही गाठ होते. ती बहुतेकदा मूल होण्याच्या वयातच सापडते, बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत. 'पोटात केस निघाले' एवढं एकीने ऐकलं, घरात कुत्रा होता हे दुसरीला आठवलं, आणि सुतावरून स्वर्ग गाठला गेला.

याचं नुकसान फक्त कुत्र्याचं होत नाही. 12 महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून तपासणी करावी असं डॉक्टर सांगतात. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांनीच. जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडे असतं, आणि वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सगळ्यात सोपी तपासणी. पण खापर केसांवर फोडलं की ती तपासणी मागे पडते. कुत्रा घालवला, आता बघू, म्हणत वर्ष जातं. बाईच्या वयातलं ते वर्ष परत येत नाही. आणि या सात मुद्द्यांत दोष प्रत्येक वेळी एकतर कुत्र्याचा किंवा बाईच्या पोटाचा. नवऱ्याचं नाव कुठेही नाही.

टॉक्सोचं पटकन सांगते, कारण त्यात प्राणीच चुकलाय. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजर आणि मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतो, कुत्र्याच्या नाही. माणसाला तो कच्चं राहिलेलं मांस, न धुतलेली भाजी आणि मातीतूनही होतो. गरोदर बाईने मांस नीट शिजवावं, भाज्या धुवाव्यात, बागेतली माती हातमोजे घालून हाताळावी. मांजर असेल तर तिची विष्ठा रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी काढावी, कारण ती संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. यात कुत्रा कुठेच येत नाही.

इथे मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते, मनात नसतानाही. कुत्र्याच्या पोटातले जंत माणसाला त्रास देऊ शकतात. पिल्लांना गोल जंत आईच्या पोटातूनच आलेले असतात. त्यांची अंडी मातीत काही आठवड्यांत संसर्गजन्य होतात, आणि माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या शरीरात गेली तर डोळ्यालाही इजा करू शकतात. कुत्र्याच्या आणखी एका बारीक पट्टकृमीमुळे माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. हा कृमी कुत्र्याला जनावरांचे कच्चे अवयव खाऊन होतो. तेव्हा धोका आहे, पण तो केसांचा नसून अंड्यांचा आहे, आणि त्याला उपाय आहेत : पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून जंताचं औषध, पुढे पशुवैद्य सांगतील तसं नियमित, कच्चं मांस नाही, विष्ठा लगेच उचलायची, हात साबणाने धुवायचे. मेसेजमध्ये खऱ्या जंतांबद्दल एक ओळ नाही. म्हणजे साप राहिला बाजूला आणि भुई धोपटणं चाललंय.

दम्याचा मुद्दा बहिणीच्या नवऱ्याला खरा वाटला होता, कारण त्याला लहानपणी दमा होता. त्याला मी 2015 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2001 ते 2010 या काळात त्या देशात जन्मलेल्या 10 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींपासून सुरुवात केली. तिथे 2001 पासून प्रत्येक कुत्र्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, त्यामुळे 'तुमच्याकडे तेव्हा कुत्रा होता का' हे कुणाच्या आठवणीवर सोडावं लागलं नाही. एका बाजूला कुत्र्यांची नोंद, दुसऱ्या बाजूला मुलांच्या आजाराची आणि औषधांची नोंद. पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात, म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास, दमा असण्याचं प्रमाण 13 टक्क्यांनी कमी आढळलं. तीन वर्षांखालच्या मुलांत असा फायदा दिसला नाही. कुत्र्यामुळेच दमा टळला असं यातून सिद्ध होत नाही, आणि दमा टाळायला कुत्रा आणा असं मीही म्हणणार नाही. पण 'दमा होतोच' हे खोटं आहे, एवढं सांगायला हा अभ्यास पुरेसा आहे.

अ‍ॅलर्जी ही वेगळी बाब. ज्याला कुत्र्याची अ‍ॅलर्जी आहे हे आधीच माहीत आहे, मग ते मूल असो की मोठं माणूस, त्याच्यासाठी घरात कुत्रा आणू नये. अ‍ॅलर्जी येते लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, म्हणून 'कमी केसांचा आणू' यानेही भागत नाही. आधी त्याच कुत्र्याबरोबर चार-सहा वेळा तास-दोन तास घालवून बघायचं.

मत्सर. आमचा कुत्रा भुऱ्या तीन वर्षांचा होता तेव्हा मुलगी झाली. दिवस राहिल्यापासूनच आम्ही त्याचं अंथरूण खोलीतून बाहेरच्या दालनात हलवलं, फिरण्याच्या वेळा बदलल्या, बाळाच्या रडण्याचा आवाज अगदी बारीक लावून त्याला खाऊ देत राहिलो. हे सगळं बाळ घरी येण्याच्या दिवशीच बदललं असतं तर त्याच्यासाठी जग एका दुपारीत उलटंपालटं झालं असतं, आणि लोक त्यालाच मत्सर म्हणतात. भुऱ्या पाळण्याच्या कडेला हनुवटी टेकून उभा राहायचा. बाळ रडलं की आधी पाळण्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

पण मुलगी अकरा महिन्यांची असताना एका संध्याकाळी मी ओट्याशी होते आणि ती रांगत त्याच्या ताटलीपाशी पोचली. तो गुरगुरला नाही. त्याचं खाणं थांबलं, तोंड ताटलीवरच राहिलं, सगळं अंग ताठ झालं आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागलं. मी तिला उचललं तेव्हा माझे हात कापत होते. चूक त्याची नव्हती, माझी होती. दुसऱ्याच दिवशी मधल्या दारात जाळीचं फाटक बसवलं, आणि त्याचं जेवण कायम फाटकापलीकडे. लहान मुलांना होणारे चावे बऱ्याचदा ओळखीच्या, घरातल्याच कुत्र्याचे असतात, आणि लागतात चेहऱ्याला, कारण मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. तेव्हा कितीही गुणी कुत्रा असो, बाळ आणि तो एकटे एका खोलीत नकोत, एका मिनिटासाठीही नकोत. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नये. ती त्याची सूचना असते. मार बसला की तो सूचना देणं सोडतो, चावणं सोडत नाही.

मुलाची ओढ संपते, या सहाव्या मुद्द्यावर मी वेळ घालवणार नाही. मूल हवं की नको हा त्या दोघांचा प्रश्न आहे.

सातवा मुद्दा वाचून मात्र पोटात कालवलं. घरात वाढलेल्या कुत्र्याला लांब नेऊन सोडणं म्हणजे त्याला उपासमारीच्या, गाड्यांच्या आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या हवाली करणं. कित्येकदा तो सोडलेल्या जागीच वाट बघत बसतो. वर त्याचं लसीकरण थांबतं, म्हणजे ज्या रेबीजची भीती घातली तोच पुन्हा रस्त्यावर आणून ठेवायचा. खरोखरच सांभाळणं अशक्य झालं तर ओळखीत घर शोधा, पशुवैद्याला विचारा, वेळ द्या.

एवढं लिहून झाल्यावर हेही सांगते की 'मूल होण्याआधी कुत्रा' हा विचार करण्यासारखा प्रश्न आहेच. मेसेजने त्याचं भलतंच उत्तर दिलं. कुत्रा दहा ते तेरा वर्षं जगतो, म्हणजे आज आणलेलं पिल्लू मूल शाळेत जाईपर्यंत असणार आणि त्याच्या डोळ्यांदेखत म्हातारं होणार. पिल्लाचं पहिलं वर्ष जड असतं : रात्री दोन-तीनदा उठणं, घरभर शू, चपला-वायरी कुरतडणं. दीड वर्षापर्यंत अंगात वारं असतं. हे आणि तान्हं बाळ एकाच वेळी नको. 'कुत्रा पाळला की मुलाची सवय होते' असंही लोक म्हणतात, तेही मला पटत नाही. कुत्र्याला चार तास घरी ठेवून बाहेर जाता येतं.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं, आणि तिला एकच विचारलं : बाळ रात्री दोनपासून जागं आहे, तू टेकलीस आत्ता कुठे, आणि पहाटे पाचला कुत्रा दाराशी उभा आहे, तर कोण उठणार? दोघांनी मिळून आधी उठणाऱ्याचं नाव ठरवा, मग पिल्लू आणा.

काल तिचा पुन्हा फोन आला. केसांचा विषय निघाला नाही. पिल्लाऐवजी तीन-चार वर्षांचा, मुलांमध्ये राहिलेला कुत्रा बघावा का, असं विचारत होती. मागून नवऱ्याचा आवाज आला, "पाचला मी उठतो, सांग ताईला." मग ती म्हणाली, "तुझ्याकडचं ते जाळीचं फाटक अजून आहे का गं?"

आहे. माळ्यावरून काढून पुसून ठेवलंय. एक बिजागरी सैल आहे, तेवढी बदलून घ्यावी लागेल.