कैफियत कशी देऊ नये, अर्थात दावा हमखास हरावा कसा

दिवाणी दावा लागला म्हणून एवढं घाबरायचं काय? समोरचा म्हणतोय हातउसने 5 लाख दिले. तुम्ही घेतले होते 2, तेही बँकेतून फेडून झालेत. म्हणजे सत्य तुमच्या बाजूला. मग कागदं कशाला रंगवायची?

कोर्टाचा बेलिफ आला की त्याला ठणकावून सांगा, "समन्स घेत नाही, जा." तो बिचारा कुणा शेजाऱ्यासमक्ष नक्कल दारावर डकवेल, तसा अहवाल कोर्टात देईल आणि बजावणी झाली असं धरलं जाईल. पण तुमचा ताठा राहिला ना!

कायद्यानं बजावणीपासून 30 दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं उत्तर, द्यायची असते, कोर्टानं कारणं नोंदवून मुदत वाढवली तर 90. तेव्हा पहिला महिना चहाच्या टपरीवर वादीची लक्तरं काढण्यात घालवावा. पुढं कुणी ना कुणी सांगतंच, "अहो, 90 दिवस काही सक्तीचे नाहीत, सुप्रीम कोर्टानंच 2005 मध्ये म्हटलंय." त्यातलं 'अपवादात्मक कारण असेल तर' एवढं ऐकू येऊ देऊ नका. (व्यापारी दाव्यात 120 दिवसांनंतर हक्कच संपतो. तुमचा दावा व्यापारी नाही, हे तुमचं दुर्दैव.) मुदतीच्या अर्जात 'प्रतिवादी आजारी होता' असं लिहा आणि त्याच आठवड्यातल्या लग्नाचे नाचतानाचे फोटो स्टेटसला ठेवा.

कैफियत द्यावीच लागली तर एका ओळीत आटपा: 'दाव्यातील संपूर्ण मजकूर खोटा, लबाडीचा व खोडसाळ असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' काय भारदस्त वाटतं! दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8 मात्र भलताच किरकिरा. म्हणे, प्रत्येक विधानाला वेगळं उत्तर द्या. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरू. 'मी 5 लाख घेतले नाहीत' एवढंही त्याला पुरत नाही. त्यातला छदामही घेतला नाही म्हणा, नाहीतर किती घेतले ते सांगा. तुम्ही 2 लाखांचा उल्लेखच करू नका, उगाच खरं बोलल्यासारखं होतं. पैसे फेडले, हे तर मुळीच लिहू नका. फेड झाली असेल तर ती कैफियतीतच मांडावी लागते, हा नियमही तिथेच आहे. राहू दे तिथेच. पासबुक माळ्यावर आहे, कैफियतीसोबत जोडायला कोण धूळ खाणार? नंतर दाखल करायला कोर्टाची परवानगी लागते, ती काय, मिळेलच.

सत्यापनाखाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे' असं छापलेलं असतं. शपथपत्रही त्याच सुरात. दोन्हींवर न वाचता, शक्यतो वकिलांच्या मोटारसायकलच्या सीटवर कागद टेकवून सह्या ठोका.

मग उलटतपासात वादीचे वकील विचारतील, "फेडीबद्दल कैफियतीत एक शब्दही नाही, हे खरं ना?" तेव्हा सरळ तुमच्या वकिलांकडे बोट दाखवा. ते त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात असतील, त्यांचा ज्युनियर मान खाली घालून पुढची तारीख मागेल.