स्कॉटचे दोन मनोरे

रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने राजाबाई टॉवरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "गोऱ्यांच्या इमारतींच्या डागडुजीवर आपला पैसा का जाळायचा? गुलामीच्या निशाण्या आहेत या. पाडा आणि जागा मोकळी करा." सात अंगठे आले. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा. दादाने त्याच टॉवरखालच्या वाचनालयात बसून परीक्षा दिल्या आहेत. मीही दिल्या आहेत. त्या खिडक्यांतून ओव्हल मैदानावरचं क्रिकेट दिसायचं आणि दर पंधरा मिनिटांनी डोक्यावर टोले पडायचे.

तीन दिवस झाले, राग उतरत नाही.

मी हॅम्बुर्गला एकोणीस वर्षं राहते. रोडिंग्समार्क्टला यू-३ मेट्रोतून उतरून ऑफिसला चालत जाताना रोज सेंट निकोलाई चर्चचा मनोरा लागतो. १४७ मीटर उंच. खाली चौकोनी, वर जाता जाता अष्टकोनी आणि शेवटी दगडी जाळीचा कळस, ज्यातून आभाळ दिसतं. पिवळी वीट आणि वालुकाश्म धुराने काळेठिक्कर पडले आहेत. हा मनोरा ज्याने आखला त्या इंग्रज वास्तुशिल्पी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच राजाबाई टॉवर आखला. खाली चौकोन, वर अष्टकोन, तीच चाल. निकोलाईचा मनोरा पुरा झाला १८७४ साली, आणि त्याच साली मुंबईत स्कॉटचाच विद्यापीठाचा कॉन्व्होकेशन हॉल. राजाबाई टॉवर त्यानंतर चार वर्षांनी. मुंबईला तो माणूस कधी आला नाही, कागदावरचे नकाशेच आले.

हे मला इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात कळलं. त्या दिवशी मी पुलावर बराच वेळ उभी राहिले. परक्या गावात ओळखीचं अक्षर दिसावं तसं झालं.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे येते. मे १८४२ च्या आगीत जुनं निकोलाई चर्च जळालं, नव्यासाठी स्पर्धा झाली. पहिला नंबर आला गॉटफ्रीड सेम्परचा. तो याच गावात जन्मलेला, त्याचा आराखडा घुमटाचा. पण काम मिळालं लंडनच्या स्कॉटला, कारण गावातल्या बऱ्याच लोकांना गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच कळसांची शैली, हीच आपली खरी जर्मन शैली वाटत होती. गॉथिकचा उगम फ्रान्सचा. म्हणजे घरच्या माणसाला बाजूला सारून, 'आपलं' म्हणत, फ्रेंच मुळाची शैली इंग्रजाकडून बांधून घेतली. पुढे जुलै १९४३ मध्ये इंग्रजांचीच विमानं आली. त्यांच्या वैमानिकांनी दिशा ओळखायला हाच उंच मनोरा धरला. त्या काही रात्रींत या शहरात तीस हजारांहून जास्त माणसं गेली. चर्चचं छत कोसळलं, मनोरा उभा राहिला.

हा मनोरा इंग्रजाने बांधला आणि इंग्रजांनीच शहर जाळलं, म्हणून तो पाडा असं मला इथे एकाही माणसाने म्हटल्याचं आठवत नाही. तळघरात संग्रहालय आहे. त्यात आपल्या शहराच्या राखेबरोबर जर्मन बॉम्बनी उद्ध्वस्त झालेली वॉर्सा आणि कॉव्हेंट्रीही दाखवतात, म्हणजे आपण आधी काय केलं तेही. काही वर्षांपूर्वी मनोऱ्याला परांची बांधली ती बरीच वर्षं उतरलीच नाही, दगड एकेक करून तपासले, बदलले. माझ्या मुलीला परांचीशिवायचा मनोरा माहीतच नव्हता.

आणि राजाबाईत गोऱ्यांचं असं काय आहे? पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. शेजारच्या कॉन्व्होकेशन हॉलचा पैसा कावसजी जहांगीर यांचा. दगड कुर्ल्याचा. वरच्या कोनाड्यांत पश्चिम भारतातल्या जातीजमातींची माणसं उभी आहेत, कोणी लाटसाहेब नाही. घड्याळातून पूर्वी इंग्रज राजाच्या स्तुतीची धून वाजायची. ती गेली, टोले राहिले. अशाच हिशेबाने जायचं तर चर्चगेटचं नावही एका चर्चवरून पडलंय, मग स्टेशनही पाडायचं का? १९९५ साली मुंबईने वारसा इमारतींसाठी नियम केले तेव्हा देशात दुसऱ्या कुठल्या शहराकडे तसे नव्हते. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीच्या या इमारती जागतिक वारसा झाल्या. आणि आमच्याच घरातून पाडा म्हणतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याचं उत्तर आलं, "आत्या, निकोलाईच्या मुख्य दालनाच्या भिंती बॉम्बनंतरही उभ्या होत्या. १९५१ मध्ये हॅम्बुर्गवाल्यांनीच त्या सुरुंग लावून पाडल्या आणि त्यातले दगड एल्ब नदीच्या काठाला टाकले. हे तू लिहिलं नाहीस."

खरं आहे. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. आपल्या देवळात सभामंडप असतो ना, तसं ते दालन होतं. आज तिथे मोकळी फरशी आहे, कडेने सहा पदरी रस्ता धावतो. त्याआधी, १८०४ पासून, या शहराने आपलं मध्ययुगीन कॅथेड्रलही स्वतःच्या हाताने पाडलं होतं. मुंबईशी बोलताना मी हॅम्बुर्ग नेहमी चांगलंच दाखवते आणि इथल्या मैत्रिणींशी बोलताना मुंबई. दोन्हीकडे मला काहीतरी राखायचं असतं.

पुढे त्याने लिहिलं, "आणि आपली चाळ पाडली तेव्हा तू कुठे होतीस?"

मी इथेच होते. गिरगावातली आमची चाळ, जिथे आजोबा पागडी देऊन आले, माझे बाबा जन्मले, माझी मंगळागौर झाली, तिच्या पुनर्विकासाचं संमतीपत्र दादाने मला मेल केलं. मी जेवणाच्या सुट्टीत छापलं, सही केली, पाठवलं. पाच मिनिटं लागली असतील. दादा तिथे गळकं छत आणि सामाईक संडास घेऊन राहत होता, त्याला तरी बोल कसा लावायचा? मला मात्र तसलं काही कारण नव्हतं. मला फक्त तो विषय संपवायचा होता. तेव्हा मला वारसा आठवला नाही.

कदाचित म्हणूनच राजाबाईवर मी एवढी अडून बसते. आता मुंबईत उतरल्यावर मला ओळखणारी तेवढीच एक इमारत उरली आहे. दादाच्या नव्या घरात मी अकराव्या मजल्यावर पाहुणी म्हणून झोपते.

चाळ पाडायच्या आदल्या आठवड्यात दादाचा फोन आला होता. जिन्याचा सागवानी कठडा, ज्यावरून आम्ही सगळी भावंडं घसरत खाली यायचो, तो भंगारवाला उचलणार होता. "तुझ्यासाठी हातभर तुकडा कापून ठेवू का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नको, सामानाला वजन होईल.