दशावतार, डार्विन आणि केंटकीतलं जहाज

अमेरिकेत सिनसिनाटीत राहायचं आणि उत्क्रांतीचा वाद कानावर पडू द्यायचा नाही, हे काही जमत नाही. नदी ओलांडून शेजारच्या केंटकी राज्यात गेलं की पीटर्सबर्गला क्रिएशन म्युझियम, बायबलमधली सृष्टीची कथा शब्दशः खरी मानणाऱ्यांचं, 2007 पासून आहे, तिथे पृथ्वीचं वय सांगतात साधारण 6000 वर्षं आणि माणसांच्या शेजारी डायनासोर उभे. पुढे विल्यम्सटाउनला बायबलमधल्या महापुराच्या गोष्टीतलं नोहाचं 510 फुटांचं लाकडी जहाज, लोक लेकरंबाळं घेऊन येतात. आणि हे सगळं उभं कशावर आहे, तर 45 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळावर! रस्त्यासाठी टेकडी कापलीय तिथे चुनखडीचे थर उघडेच पडलेत, एखादा तुकडा उचला, त्यात शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या ब्रॅकिओपॉडची नुसती दाटी, नखाएवढ्या कवचावरच्या रेघासुद्धा मोजता येतात. म्युझियमवाले म्हणतात हे नोहाच्या महापुरात गाडलं गेलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळींना याचं भारी हसू येतं. काय हे अमेरिकन, आपल्याकडे नाही बाबा असलं काही, आपल्या दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह, सगळी उत्क्रांती आधीच आहे. फॅमिली ग्रुपवर काकांचा हाच फॉरवर्ड दर दोन महिन्यांनी फिरून येतो. अहो काका, ओळीने प्राणी मांडले म्हणजे उत्क्रांती होत नाही ना. पिलांमध्ये थोडे थोडे फरक असतात, त्यातली काही जास्त तगतात, त्यांचे गुण पुढे जातात, डार्विनचं म्हणणं हे आहे, आणि ते अवतारांत कुठेच नाही.

काकांचा दुसरा प्रश्न जास्त चांगला असतो, पहिला जीव कुठून आला ते सांग. तर ते अजून पक्कं ठाऊक नाही. 1953 साली शिकागोच्या स्टॅनली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ काचेच्या बंद उपकरणात फिरवली, त्यात विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि काही दिवसांत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली. पण अमिनो आम्लांपासून स्वतःची नक्कल काढणाऱ्या पेशीपर्यंत लांबचा पल्ला आहे, मधे आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच माहिती साठवणारा रेणू, होता असं बऱ्याच जणांना वाटतं, काम चालू आहे. पण पहिल्या जिवाचं कोडं सुटलं नाही म्हणून पुढची उत्क्रांती खोटी, हा तर्क मात्र केंटकीत आणि कोथरूडमध्ये अगदी सेम टू सेम चालतो.

आता 2023 ची गोष्ट बघा. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, कारण दिलं कोविडनंतर मुलांवरचा ताण. बारावीच्या बायोलॉजीत आहे म्हणे, पण दहावीनंतर कॉमर्स घेणाऱ्याने काय करायचं? 1800 च्या वर शास्त्रज्ञ, शिक्षक वगैरे लोकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या स्टेट बोर्डाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आहे, अवशेषांगं, जोडणारे दुवे, सगळं, त्यामुळे महाराष्ट्रात बऱ्याच जणांना हे जाणवलंही नसेल. पण सीबीएसईला मुलं घालणारे आमच्याच घरातले लोक, त्यांना विचारलं तर उत्तर काय, बरं झालं, तेवढाच पोर्शन कमी.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात शाळा मंडळाने बायोलॉजीच्या तासात ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे जीवसृष्टी कुणा बुद्धिमान कर्त्याने रचली हा दावा, घुसवलं तेव्हा 11 पालक कोर्टात गेले. साक्षी झाल्या, जीवाणूची शेपटी उत्क्रांतीतून घडू शकते का यावरून दिवसचे दिवस वाद झाला, 2005 च्या डिसेंबरात निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि त्याआधीच गावाने निवडणुकीत ते मंडळ घरी बसवलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना वाटत होतं की पोरं शाळेत काय शिकतात याने फरक पडतो. आमच्याकडे डार्विनला कोणी शिव्या देत नाही, दशावताराचा हार घालतो आणि धडा गेला तरी चालतं, फक्त मार्क जाता कामा नयेत. मला विचाराल तर ते जहाज बांधणारे परवडले, त्यांना निदान धडा वाचून राग तरी येतो.