जेवढा टॅक्स तेवढी मतं? करून झालंय ते

सकाळी चहा घेता घेता सोसायटीचा ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं. विषय काय, तर मतदानाच्या दिवशी कामवाल्या बायका सुट्टी मागतात. तिथून गाडी जी घसरली ती थेट "खरं तर मत फक्त इन्कम टॅक्स भरणाऱ्यांनाच पाहिजे" इथपर्यंत. वर एका रिटायर्ड काकांची भर, जेवढा टॅक्स तेवढी मतं, कंपनीत शेअर असतात तसं. खाली अंगठे, टाळ्या, शंभर पैकी शंभर. कामवाली साबण आणते, चहा-बिस्किट आणते, त्यावर जीएसटी भरते तो काय प्रसाद म्हणून वाटतात का, हे कुणाच्या मनातही येत नाही. जाऊ दे. तुम्हाला हे सांगायला नको.

पण काकांना वाटतंय ही आयडिया त्यांची. अहो, हे करून झालंय! आणि कुठे, तर ज्या देशाची स्वच्छता, शाळा आणि पाळणाघरं बघून आल्यावर हीच मंडळी शंभर फोटो टाकतात त्या स्वीडनमध्ये. १८६२ च्या कायद्याने तिथे गावपातळीवर मतं चक्क टॅक्सवर मोजायची पद्धत होती. शहरात शंभर मतांची तरी मर्यादा, खेड्यात तीही नाही. १८७१ साली ५४ गावं अशी होती जिथे एकाच मतदाराकडे निम्म्याहून जास्त मतं. म्हणजे निवडणूक घ्यायची, त्याने हात वर करायचा, झालं. कंपन्यांनाही मत होतं. १८८० मध्ये पंतप्रधान झालेले काउंट पोसे, म्हणजे एक उमराव, हे स्वतः अशाच एका गावात एकहाती मतं असलेले. आणि संसदेच्या खालच्या सभागृहाला मत द्यायला ठरावीक उत्पन्न नाहीतर मालमत्ता लागायची, त्यामुळे पुरुषांतले पाचातले चार बाहेर, बायका तर सगळ्याच.

मी हे पुस्तकात वाचायच्या आधी एका तळघरात ऐकलं. मागे लेकीकडे गोथेनबर्गला राहिले होते तेव्हा. तिकडे बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांची मिळून लाँड्री असते, पाटीवर आपली वेळ लावायची आणि त्या वेळेत मशीन आपलं. आमच्या आधीची वेळ होती एका आजींची, वय ऐंशीच्या पुढे, आणि त्या चादरींच्या घड्या घालता घालता बोलायला लागल्या, लेक मराठीत सांगत होती. त्यांचा जन्म स्टाटारे कुटुंबातला. म्हणजे आपल्याकडचा सालगडी समजा, पाडव्याला साल ठरतं ना, तसं तिकडे ऑक्टोबरात, आणि पगार बराचसा धान्य, दूध, लाकूड असा. नवऱ्याला कामावर ठेवलं की बायकोने मालकाच्या गाईंच्या धारा काढायच्या हे करारातच. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा, पोटुशी असो की बाळंतीण. आजींची आजी आणि आई दोघींची बोटं ह्यातच वाकडी झाली. आणि आजोबांना मत? आजी हसल्या. मालकाला होती की पुष्कळ!

तर काका, तुमची स्कीम चालली असती तर ह्या आजी आज कुठे असत्या?

बरं हे बदललं ते श्रीमंतांना अचानक दया आली म्हणून नाही, हे मला आज फार जोरात सांगायचंय. १९०२ ला मताधिकारासाठी संप झाला. १९०९ ला सगळ्या पुरुषांना मत मिळालं पण अट काय, तर टॅक्स थकलेला नको! आणि गावात एका माणसाला जास्तीत जास्त चाळीस मतं, ही म्हणे मोठी सुधारणा. त्याच वर्षी मजुरीवरून तीन लाख कामगारांचा संप झाला आणि तो मोडला, युनियनची निम्मी माणसं गळाली. १९१७ मध्ये भुकेले लोक रस्त्यावर आले, शेजारी रशियात झार गेला, वर्षभराने जर्मनीत कैसर गेला, तेव्हा कुठे १९१८ च्या डिसेंबरात वरच्यांनी सगळ्यांच्या समान मताला होकार दिला. घाबरून हो, दुसरं काय. बायकांनी पहिल्यांदा मत दिलं १९२१ ला. १९३१ मध्ये ओडालेनला संपकऱ्यांच्या मोर्चावर सैन्याने गोळ्या झाडल्या, पाच मेले. पुढच्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट्स, म्हणजे कामगारांचा पक्ष, निवडून आले आणि मधले काही महिने सोडले तर १९७६ पर्यंत हलले नाहीत. पंतप्रधान कोण, पेर आल्बिन हान्सन, गवंड्याचा मुलगा, लहानपणीच शाळा सोडून कामाला लागलेला. काकांच्या पुढच्या मेसेजमध्ये "किमान ग्रॅज्युएट तरी हवा" असं होतं, म्हणून मुद्दाम सांगतेय.

हा माणूस १९२८ मध्ये संसदेत म्हणाला होता की देश चांगल्या घरासारखा हवा, तिथे कुणी लाडकं नाही, कुणी सावत्र नाही. आपल्या किती घरात हे आहे हो? कपाटात वेगळा ठेवलेला कप आठवा.

पण नुसतं भाषण देऊन भागलं नाही. १९३३ मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षाशी सौदा केला, तुमच्या मालाला भाव आम्ही देतो, आमच्या बेकारांना काम तुम्ही मान्य करा. लोकांनी त्याला गाईंचा सौदा, म्हणजे आपला घोडेबाजार, म्हणून हिणवलं. मला तर हा भाग सगळ्यात आवडतो, कारण आपल्याकडे शेतकरी आणि शहरातला कामगार एकमेकांकडे कसे बघतात ते रोज दिसतं. मग १९३८ ला दोन आठवड्यांची भरपगारी रजा. १९४५ ला स्टाटारे पद्धत बंद. आणि त्याच वर्षी, ऐका, सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांनाही मत मिळालं, तोपर्यंत नव्हतं. १९४८ पासून प्रत्येक मुलामागे पैसे, आणि ते आईच्या हातात. आजींना हे नीट आठवत होतं. आईच्या स्वतःच्या नावाने आलेले पहिले पैसे. त्याचे बूट घेतले होते आणि आई दुकानातून बाहेर येऊन रडली होती म्हणे. मीही रडले त्या तळघरात, लेक म्हणाली आई प्लीज.

हो, माहितीये, एक कोटी लोकांचा देश, आपलं वेगळं. आणि ह्याच राज्यात "नको त्या" बायकांची जबरदस्तीने नसबंदी व्हायची, पार १९७५ पर्यंत, तेही माहितीये. मान्य. पण "ते श्रीमंत, म्हणून परवडतं" हे नका सांगू. दहा-बारा लाख माणसं उपासमारीला कंटाळून अमेरिकेला गेलेला देश आहे तो.

आणि आपल्याला तर हे भांडूनही घ्यावं लागलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे काय मागितलं ते वाचा. सरसकट प्रौढ मतदान. तेव्हाही अडाण्यांना मत कशाला म्हणणारे काका होतेच, १९३७ च्या निवडणुकीतही मालमत्ता नाहीतर शिक्षण लागायचंच. १९५१-५२ ला पहिल्यांदा माझ्या आजीने, अंगठेबहाद्दर, मतपत्रिका पेटीत टाकली.

आता राग जरा उतरलाय. आजी काही स्वीडनची जाहिरात करत नव्हत्या हं. उलट कुरकुरत होत्या, शाळा कंपन्या चालवतात आणि नफा काढतात, दवाखान्यात थांबावं लागतं, वारसा कर गेला, २००७ ला संपत्ती कर पण गेला, मालक लोक परत येतायत म्हणाल्या. मग मी न राहवून विचारलं, तुम्ही मत कुणाला देता? लेकीने ते भाषांतर करायला साफ नकार दिला आणि मला डोळे वटारून ओले कपडे ड्रायरमध्ये टाकायला लावले.