हातात काम आहे, पण कागदावर कुठाय?

परवा भाचा दुकानात येऊन बसला. माझं कॉम्प्रेसरचं काम चाललं होतं म्हणून थोडा वेळ गप्प होता. मग हळूच विचारलंन, "मामा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाला किती लागतील?"

म्हटलं, "किती काय?"

"पैसे. आणखी काय!"

आपली गोची इथेच आहे. खेड-चिपळूण घ्या, रत्नागिरी घ्या, श्रीवर्धन घ्या, परदेश म्हटलं की आपल्याला आखातच दिसतं. रीत ठरलेली. एजंट गाठायचा, पासपोर्ट द्यायचा, पैसे मोजायचे, फोन आला की बॅग उचलायची. मीही असाच गेलो, एसी मेकॅनिक म्हणून. अकरा वर्षं काढली. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. दुसरीकडे चांगला पगार मिळत होता, पण यांच्या सहीशिवाय हलायची सोय नव्हती. आई गेली तेव्हा पासपोर्ट हातात यायला चार दिवस लागले, त्यावर जास्त लिहीत नाही. एजंटाने किती घेतले तेही राहू दे. आज नोंदणीकृत एजंटाला ३० हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. तेव्हाही मर्यादा होती, मला कोणी सांगितली नव्हती इतकंच.

ऑस्ट्रेलियाचं गणित वेगळं आहे. तिथे आधी तुमचं हातातलं कसब तपासतात. ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया नावाची त्यांची सरकारी संस्था आहे, सगळे टीआरए म्हणतात. आधी कागद बघतात, मग टेक्निकल इंटरव्ह्यू, काही ट्रेडना प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. हे पार पडलं की मग व्हिसाचा विषय.

भाचा वेल्डर आहे. १० वी, मग आयटीआय, आणि सहा वर्षं मिरकरवाड्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये. १ जूनला मासेमारी बंद झाली की ट्रॉलरवाल्यांची रांग लागते. विंच, सुकाणू, शाफ्टचे ब्रॅकेट, सगळं तेव्हाच काढायचं असतं. पोरगा दोन महिने रात्री दहाच्या आत घरी येत नाही. मामा म्हणून कौतुक नाही करत, पण स्टेनलेसच्या पाइपवर त्याने टिगने (आर्गन गॅसवरची बारीक वेल्डिंग) मारलेली शिवण बघितली आहे मी. पापलेटाच्या नाही, चांगल्या खवल्याच्या माशाची पाठ असावी तशी, एकावर एक, एका मापाची.

आता कागद बघा. पगार दर रविवारी, रोख. पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही, बँकेत एक नोंद नाही. मालकाने लेटरहेडवर पत्र दिलं, त्यात एकच ओळ: "सदर इसमास मी ओळखतो, मुलगा होतकरू आहे." ग्रामपंचायतीच्या दाखल्याला चाललं असतं. टीआरएला हवं असतं कोणत्या तारखेपासून, कोणत्या हुद्द्यावर, आठवड्याला किती तास, रोज नक्की काय करतो, कोणती यंत्रं वापरतो, आणि सही करणाऱ्याचा फोन. सोबत पैसे खरोखर मिळाल्याचा पुरावा. कामाचे फोटो-व्हिडिओसुद्धा विचारतात. याच्या फोनमध्ये शिमग्याच्या पालखीचे शेकड्याने व्हिडिओ, वेल्डिंगचा फोटो एक. त्यातही तो मित्राच्या खांद्यामागे, तोंडावर हेल्मेट. कोण आहे ते देवाला ठाऊक.

इथे एजंट शिरतो. "अनुभवाचं पत्र? बनवून देतो की." हे अजिबात करू नका. खोटा कागद सापडला तर व्हिसा नाकारतात आणि वर तीन वर्षांची बंदी बसते. सापडतो कसा? फोन करून विचारतात. आणि इंटरव्ह्यूत आर्गनचा फ्लो किती ठेवतोस, पातळ पत्रा वाकू नये म्हणून काय करतोस, असं विचारलं की ज्याने होल्डर धरला नाही तो तिथेच आडवा होतो.

व्हिसासाठी ऑस्ट्रेलिया वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी बघून गुण देतं. त्या गुणांचं सांगतो, कारण त्याबद्दल अफवा फार. १८९ नंबरचा हा कायमचा व्हिसा, कोणाच्या स्पॉन्सरशिवाय. रांगेत उभं राहायलाच ६५ गुण लागतात. भाच्याचं वय २५, त्याचे ३०. शिक्षण त्यांनी मान्य केलं तर १०. पाच वर्षांचा अनुभव धरला तर १०. लग्न नाही झालं त्याचेही १० (हे ऐकून ताई गप्पच झाली). झाले ६०. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ६ मिळवले तर अर्ज करता येतो, पण गुण शून्य. चारहींत ७ मिळवले की १०. म्हणजे एवढं सगळं लोखंड जोडून शेवटी अडलंय कुठे, तर इंग्रजीत. ४९१ नंबरच्या व्हिसात १५ गुण जादा मिळतात, पण मोठी शहरं सोडून राहायचं, आणि तीन वर्षांनी कायमच्या व्हिसाला अर्ज. आपल्या पोरांना आडगावाची कसली भीती?

दुसरी वाट तिथल्या मालकाकडून, ४८२ नंबरचा व्हिसा. डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव स्किल्स इन डिमांड. एक वर्षाचा अनुभव पुरतो, इंग्रजीही कमी चालतं. मालकाशी नाही पटलं तर नवा शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. हे वाचून मी जरा वेळ थांबलोच. मला अकरा वर्षांत अठरा दिवस नसते मिळाले.

जर्मनीबद्दल मात्र माझी तक्रार आपल्याच लोकांशी आहे. २०२४ पासून तिथे अनुभवी कारागिराला सगळं प्रशिक्षण जर्मन मापाने तपासून न घेताही जाता येतं. नोकरी हातात हवी, पगार ठरलेल्या मर्यादेवर हवा, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव हवा, आणि मायदेशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. दोन वर्षांचं! आयटीआयचा वेल्डर एक वर्षाचा. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. प्रवेशाच्या वेळी भाच्याला फिटर मिळत होता. "एका वर्षात सुटेल, लवकर कमवायला लागेल" म्हणून वेल्डर घ्यायला लावणारा मीच. कोणत्या ट्रेडला किती वर्षं आणि त्याने पुढे कोणतं दार उघडतं, एवढं प्रवेशाच्या फॉर्मजवळ कोणी भिंतीवर चिकटवलं असतं तर काय बिघडलं असतं?

कोणी म्हणेल, सगळेच गेले तर गावात कोण राहणार. मुंबईला चाकरी करायला आपण कधीपासून जातोय, तेव्हा कोणी विचारलं नाही.

रविवारी आम्ही दोघं मालकाकडे गेलो. कोरा कागद नाही नेला, तारखा, तास, कामं सगळं खरं ते टाइप करून नेलं. मालक भला माणूस. जाळ्यांच्या ढिगावर बसून चष्मा लावून दोनदा वाचलंन. "यापुढे पगार खात्यात टाकतो," म्हणाला. सही केलीन, शिक्का मारलान. मग भाच्याकडे न बघता मला म्हणाला, "जायला किती वेळ लागेल ह्याला? नाय, ह्या जूनला विंच तीन येणारेत म्हणून विचारतो."