सुवर्णसौधामुळे बेळगाव 'दुसरं बेंगळूर' होतंय?

बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, भरणारं हिवाळी अधिवेशन जवळ आलं की आपल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा सारांश असा : सरकार जिथे बसतं तिथे तंत्रज्ञान येतं. विधानसौधाने, म्हणजे बेंगळुरातल्या विधिमंडळाच्या इमारतीने, बेंगळूर घडवलं, वॉशिंग्टनने शेजारचा व्हर्जिनिया घडवला. बेळगावात आधी काही नव्हतं, सुवर्णसौधामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानाचे भाग बनू लागले.

आधी बेंगळूर. विधानसौध 1956 चं. भारतीय विज्ञान संस्था 1909 ची, हिंदुस्थान एअरक्राफ्ट 1940 ची, भारत इलेक्ट्रॉनिक्स 1954 ची. विमानाचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद तर आपल्या सोलापूरचे. ते तिकडे गेले कारण म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि भांडवलही घातलं.

व्हर्जिनियाचा दाखला अर्धा खरा आहे. पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मुख्यालय, त्याच राज्यात आहे, आणि संरक्षण खातं तिथल्या कंपन्यांचं बारमाही गिऱ्हाईक. संगणक, नेटवर्क, सल्ला, सगळं ते विकत घेतं. आपलं सौध काय विकत घेतं? डिसेंबरात लॉजच्या खोल्या भरतात, मंडपवाले आणि केटरिंगवाले खूश असतात (त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही), मग आमदार परततात आणि फायली पाचशे किलोमीटरवर बेंगळुरात हलतात. हलग्याजवळचं हे सौध सीमावादातून उभं राहिलं, उद्योगधोरणातून नव्हे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

हत्तरगीचं तर तारखाच सांगतात. तिथला एसईझेड (विशेष आर्थिक क्षेत्र) 2009 चा, सौधाचं उद्घाटन ऑक्टोबर 2012 चं. विमानाचे भाग बनवणाऱ्या, आज एकस म्हणतात त्या कंपनीला इथे पुणे-बेंगळूर महामार्ग मिळाला, आणि उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, फाउंड्रीत, लेथवर हात बसलेली माणसं मिळाली. सरकारचा हात होताच, पण तो एसईझेडच्या करसवलतीचा, आणि ती दिल्लीची.

राहिला 'आधी काही नव्हतं' हा दावा. हा मला सगळ्यात झोंबतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते याच बेळगावात. कडबा कापायची यंत्रं इथेच झाली, लोखंडी नांगरही इथलाच. मग नगरपालिकेला वसाहत वाढवायची होती, तिने जागा खाली करायला लावली. सरकार अगदी दाराशी होतं, आणि त्यानेच कारखाना उठवला! औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ आणि वर कर्ज दिलं, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध केवढंसं संस्थान, पण आलेल्या माणसाला काय हवं हे त्या राजाने विचारलं. तो कारखाना आज सांगली जिल्ह्यात आहे.

मेसेजच्या शेवटी विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठही जोडलेलं असतं. 1998 पासून त्याचं मुख्यालय बेळगावजवळच्या मच्छे इथे आहे हे खरं. पण त्याची पदवी घेतलेली इथली पोरं रात्रीच्या बसने पुण्याला किंवा बेंगळूरला जातात, कारण विद्यापीठ पदवी देतं, ऑर्डर देत नाही.

राज्यपातळीची खाती सौधात आणा ही मागणी जुनी आहे आणि रास्तही. फक्त मागताना नुसत्या पाट्या मागू नका. ज्या खात्याच्या साहेबाला इथे बसून टेंडर काढायचा आणि जमिनीच्या फायलीवर सही करायचा अधिकार आहे, ते खातं मागा.